रविवारचं पाणी

वेळ अमावस्येला, आमच्या येळवशीला, आमच्याकडं कुणी भांडण काढत नाही. आळंदच्या बाजूचं सगळं शिवार त्या दिवशी माणसांनी भरलेलं असतं. ज्याच्या रानात पाय टाकाल तिथं भज्जी-भाकरी पुढ्यात येते, आणि वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारेही एका गाडग्यातली आंबील पितात. राघोबानं मात्र नेमका तोच दिवस साधला.

"शिरमंत," पानावरून उठता उठता तो चार माणसांत म्हणाला, "औंदा पाळी बदलायची. बुधवार माझा, रविवार तुझा."

श्रीमंतचा घास हातातच राहिला. त्याची बायको कमलबाई पलीकडं बायकांना भाकरी वाढत होती, तीही थांबली.

"राघूअण्णा, मला रविवार जमत न्हाई. तुमाला ठाव हाय की."

"मी काय करू? येळवशीला पाळी बदलते. माझ्या बापाच्या टायमाला बदलायची, तुझ्या बापाच्या टायमाला बी बदलायची. खोटं असंल तर सांग."

खोटं नव्हतं. श्रीमंतच्या बापानं राघोबाच्या बापाकडून दोन एकर रान घेतलं तेव्हाच विहिरीत निम्मा हिस्सा ठरला होता. पाऊस बरा असला तर पाळीचं कुणी नाव काढत नसे. यंदा पावसानं अंग चोरलं होतं. आठवड्यातून दोनदा मोटार चालेल एवढंच पाणी विहिरीत जमायचं, एकदा बुधवारी आणि एकदा रविवारी. बुधवार श्रीमंतचा, रविवार राघोबाचा. रिवाजाप्रमाणं हे दरवर्षी उलटं व्हायला पाहिजे होतं, पण श्रीमंतनं रविवार पाळायला सुरुवात केल्यावर राघोबानंच आपणहून बदल बंद केला होता. 'तुझा देव आन् तू, दोघं बी रविवारी निवांत बसा,' असं हसत म्हणाला होता.

आता तोच राघोबा हसत नव्हता, आणि त्याचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. दिवाळीच्या आधी त्याच्या आणि त्याच्या चुलतभावाच्या बांधाची मोजणी झाली. मोजणीदारानं श्रीमंतला विचारलं, हा खुणेचा दगड आधीपासून इथंच आहे का? राघोबा समोर उभा होता. श्रीमंतनं खाली बघत सांगितलं, "न्हाई साहेब. आदी त्या चिंचेपाशी व्हता." राघोबाच्या रानाची एक पट्टी गेली. पट्टीचं त्याला एवढं वाटलं नाही. पण शेजाऱ्यानं भरल्या माणसांत उघडं पाडलं, हे त्याच्या मनाला लागलं. राघोबा वाईट माणूस नव्हे. दारूच्या दिवसांत श्रीमंत बाजाराच्या वाटेवर पडलेला असायचा, तेव्हा त्याला बैलगाडीत घालून घरी आणणारा हाच राघोबा होता. असल्या माणसाचा राग जड असतो.

श्रीमंतनं घास खाली ठेवला. "बरं," एवढंच म्हणाला.

घरी अंगणात पाय ठेवला आणि कमलबाईचं तोंड सुटलं.

"बरं म्हणालाव! काय बरं म्हणालाव? जवारी पोटरीत आलीया. आता दोन पाणी न्हाई मिळाले तर कणसात दाणा भरंल का? वरीसभर काय खायाचं, नाताळचा तारा?"

नाताळचा कागदी तारा अजून दारावर लटकत होता. श्रीमंतनं त्याच्याकडं बघितलं आणि बैलाला वैरण टाकायला गेला.

श्रीमंतचं घर आजोबापासून ख्रिस्ती. पण त्याचा स्वतःचा ख्रिस्तीपणा बरीच वर्षं नावापुरता होता, सगळं ध्यान सिंदीच्या दारूत. शेजारच्या गावचा बाजार रविवारी भरतो. त्या दिवशी घरातलं काहीतरी उचलायचं, विकायचं, प्यायचं. एका रविवारी कमलबाईनं बियाण्याची ज्वारी धरून ठेवली, तर त्यानं तिचं डावं मनगट मोडलं आणि ज्वारी घेऊन गेला. त्या दुपारी उन्हानं जीव घाबरा झाला म्हणून तो त्या बाजारगावच्या प्रार्थनाघरात शिरला आणि मागच्या चटईवर बसला. पास्टर काय बोलत होते ते त्याला कळलं नाही. त्याला एकसारखा त्या मनगटाचा आवाज ऐकू येत होता. तिथंच त्यानं देवाला शब्द दिला. हा एक दिवस तुझा, या दिवशी मी माझ्यासाठी काही करणार नाही, काही विकणार नाही, काही कमावणार नाही. तू तेवढं मला धरून ठेव. नवल म्हणजे दारू सुटली, ती रविवारचीच नव्हे तर सगळ्या दिवसांची. त्या दिवसापासून श्रीमंतची अशी समजूत झाली, की रविवार सुटला की आपण सुटलो.

मला विचाराल तर देवाशी असला सौदा करू नये. पण ज्याच्या घरात कुणाचं मनगट मोडलं नाही त्यानं त्याला हसूही नये.

पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या रविवारी नेहमीसारखी श्रीमंतच्या अंगणात उपासना झाली. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, त्यामुळं प्रार्थना त्याच्याच अंगणात व्हायची. आळंदहून सत्यानंद पास्टर मोटारसायकलवर आले. गाणी झाली, प्रार्थना झाली. लाइट होती, विहीर भरलेली होती, आणि मोटार बंद होती. उपासना संपून माणसं निघाली तसा राघोबा रस्त्यानं मुद्दाम हळू चालत गेला.

"पाणी तुंबलंय की रं हिरीत! बुधवारी मला दुप्पट व्हतंय बग. तुज्या देवाला माजा नमस्कार सांग."

दोघं-चौघं हसले. श्रीमंतही कसनुसा हसला, आणि ते हसणं कमलबाईला राघोबाच्या बोलण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सोमवारपासून घरातली तिघं भेगा बुजवायला बसली. तिसरी म्हणजे सून ज्योत्स्ना. तिचा नवरा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता. काळ्या रानाला पाणी नसलं की जमीन फाटते, मुळं तुटतात आणि उरलीसुरली ओल त्या फटीतून उडून जाते. एवढ्या वाढलेल्या ज्वारीत बैलाचं कोळपं घालता येत नाही. मग गुडघ्यावर बसायचं, खुरप्यानं बाजूची माती मोकळी करायची, ती मुठीनं भेगेत भरायची आणि हाताच्या मुठीनंच ठोकायची. ताटांची पानं गालांना, मानेला कापत राहतात. कमलबाईचं डावं मनगट वाकडंच जुळलं होतं, त्यामुळं ती उजव्या हातानं ठोकायची आणि डाव्या कोपरावर भार द्यायची. दुपारपर्यंत तिचं कोपर सोलून निघायचं. श्रीमंत ते बघायचा आणि आपली ओळ सोडून तिच्या ओळीत पुढं येऊन भेगा बुजवायचा.

"मामा," एकदा ज्योत्स्ना न राहवून म्हणाली, "आपण मूठमूठ माती भरायलाव, आन् तिकडं आपल्या वाट्याचं पाणी राघूकाका घ्यायलेत. हे कुण्या देवाला आवडंल?"

"मला ठाव न्हाई, पोरी."

"मग कामून करायलाव?"

श्रीमंतनं हातातली माती भेगेत भरली. "मला दुसरं येत न्हाई," तो म्हणाला.

बुधवारी बांधापलीकडं राघोबाचं पाणी पाटानं खळखळत गेलं. अलीकडं ही तिघं गुडघ्यावर. ओल्या मातीचा वास इकडं येत होता. राघोबाची बायको सत्यभामाबाई पलीकडून बघत होती. तिनं एकदा हात वर केला, बहुतेक काही बोलणार होती, पण नवरा मागं उभा होता म्हणून तिनं पदर सारखा केला आणि गेली.

दुसऱ्या रविवारी कमलबाईनं पास्टरांनाच गाठलं. उपासनेआधी मोटारसायकल लावेपर्यंतही तिनं त्यांना सोडलं नाही. पास्टर तरुण होते, शेतकऱ्याच्याच घरातले. त्यांनी श्रीमंतला बाजूला घेतलं.

"श्रीमंतअण्णा, रविवारी बैलाला पाणी पाजतोस ना?"

"पाजतो."

"मग पिकाला पाज. त्यात काय पाप न्हाई. मी सांगायलाव तुला."

"बैल माझ्यासाठी न्हाई पीत, पास्टर. त्याला तहान लागते. जवारीचं पाणी माझ्या पोटासाठी हाय." श्रीमंतनं हात जोडले. "तुमचं खरं असंल. तुमी शिकलेले. पण मी कसा व्हतो ते तुमी बगितलं न्हाई."

पास्टर तसेच उपासना सुरू करायला गेले, आणि मला वाटतं तेच बरं झालं.

त्याच दिवशी गाणी चालू असताना ज्योत्स्ना हळूच उठली. मागच्या दारानं निघाली ती थेट विहिरीकडं. मामांनी नको म्हटलं ते मामांनी, आपण कुठं शब्द दिलाय? पाप लागलं तर आपल्याला लागेल. ती मोटारीच्या पेटीपाशी पोचली तेव्हा मागून धापा ऐकू आल्या. कमलबाई पळत आली होती. ज्योत्स्नाला वाटलं, सासूच मदतीला आली.

"आत्या, तुमी वाफ्यांची दारं धरा, मी चालू करते."

कमलबाईनं पेटीचं झाकण लावून टाकलं.

"चल घरी."

"आत्या! तुमीच तर रोज भांडायलाव त्यांच्यासंगं!"

"भांडंन की. भांडायचं सोडीन का?" कमलबाईला दम लागला होता. ती पेटीला पाठ लावून उभी राहिली. "जवारी फुडल्या साली येईल, पोरी. न्हाई आली तर कुनाच्या तरी रानात खुरपायला जाऊ. पण ह्यो मानूस पुन्हा तिकडं गेला, तर मी कुठनं आणू? तू बगितलं न्हाईस. मी बगितलंय." तिनं डावा हात पुढं केला नाही, पण ज्योत्स्नाची नजर आपोआप तिकडं गेली. "त्याच्या रविवाराला हात लावायचा न्हाई. माज्या जिवाची शप्पत हाय तुला."

दोघी परत आल्या तेव्हा श्रीमंत डोळे मिटून प्रार्थना करत होता. त्याला यातलं काही कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात मात्र पाण्यानं राघोबाचीही परीक्षा घेतली. सोमवारी विजेचा डीपी जळाला. बुधवारी लाइट नाही, म्हणून राघोबाची पाळी कोरडी गेली. त्याची ज्वारी श्रीमंतपेक्षा उशिरा पेरलेली, ऐन निसवण्यात आलेली. एक पाणी चुकलं की कणीस बाहेर येताच वाळणार. लाइट येईपर्यंत मोटारीचा गळका फूटवाल्व तरी नीट करावा म्हणून शुक्रवारी तो विहिरीत उतरला आणि दगडी पायऱ्यांवरून घसरून खाली पडला. मांडीचं हाड मोडलं. लोकांनी त्याला बाजेवर बांधून दोरांनी वर ओढलं. एक दोर श्रीमंतच्या हातात होता. राघोबा कण्हत होता, पण त्यानं श्रीमंतकडं बघायचं टाळलं. मुलगा त्याला जीपमध्ये घालून गुलबर्ग्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. जनावरांसाठी सत्यभामाबाई एकटी मागं राहिली.

शनिवारी संध्याकाळी लाइट आली. रविवार उजाडला तेव्हा तीन पाळ्यांचं पाणी साठून विहीर कधी नव्हे ती वरपर्यंत चढली होती. पाळी श्रीमंतची होती.

उपासना सुरू होऊन थोडा वेळ झाला होता. सत्यभामाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. आत येईना. कमलबाई उठून तिच्याकडं गेली, तशी ती एकदम रडायलाच लागली. श्रीमंतही उठून आला.

"श्रीमंतअण्णा, मला तोंड न्हाई तुमाला इचारायला. पाळी तुमची हाय. तुमी रविवारी घेत न्हाई म्हणून... आज आमी घेऊ का पाणी? बुधवारपर्यंत थांबलं तर समदं वाळतंय. वरनं दवाखाना."

"घ्या की वैनी," श्रीमंत लगेच म्हणाला. "इचारता काय. सगळं घ्या."

ती डोळे पुसत गेली. श्रीमंत जागेवर येऊन बसला. ज्योत्स्ना त्याच्याकडं रागानं बघत होती. स्वतःच्या ज्वारीला थेंब नाही आणि दुसऱ्याला सगळं घ्या म्हणे. पास्टर बोलायला लागले. श्रीमंतनं मान खाली घातली, पण कान रानाकडं होते. विहीर घरापासून लांब नव्हती. मोटार सुरू झाली की इथं ऐकू यायची. एक गाणं झालं. मोटारीचा आवाज आला नाही. दुसरं झालं. तरी नाही.

का ते त्याला ठाऊक होतं. फूटवाल्व गळका होता, दुरुस्त व्हायच्या आधीच राघोबा पडला. रात्रभरात पाइप रिकामा होतो. बादलीनं पाणी ओतून पाइप भरावा लागतो, हवा काढावी लागते, एकीकडं ओतत दुसरीकडं बटन दाबावं लागतं. गुडघे धरलेल्या बाईनं विहिरीतून किती बादल्या ओढायच्या? आणि सुरू झाली तरी दारं कोण धरणार? आपण 'घ्या' म्हणालो आणि मोकळे झालो. आपला रविवार शाबूत राहिला आणि वर पुण्यही पदरात पडलं.

हे त्याच्या मनात आलं आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. पास्टर सगळ्यांसाठी आशीर्वाद मागत होते. श्रीमंत मधूनच उठला. कमलबाईनं डोळे उघडले. तिनं त्याचं तोंड बघितलं. असा मधूनच उठून तो पूर्वी जायचा.

"कुटं निघालाव?"

"दारं धरायला."

अंगणातली प्रार्थना थांबली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "रविवारी?" श्रीमंतनं ऐकलं नाही. चपलाही न घालता तो निघून गेला.

विहिरीवर सत्यभामाबाई बादली कवटाळून बसली होती, साडी कमरेपर्यंत भिजलेली. श्रीमंतनं न बोलता तिच्या हातातून बादली घेतली. चार-सहा बादल्या ओतल्या, पाइपानं हवा टाकली, मोटार खोकली आणि धरली. पाटात पाणी पडलं. श्रीमंतनं धोतर वर खोचलं, फावडं खांद्यावर टाकलं आणि राघोबाच्या रानात शिरला. एक वाफा भरला की दार बुजवायचं, पुढचं मोडायचं, त्या वाफ्याच्या शेवटापर्यंत पाणी पोचतंय का ते पायानं चाचपायचं. राघोबाची ज्वारी त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. दुपारच्या उन्हात पायाखाली गारवा, डोक्यावर पानांची सळसळ, आणि छातीत मात्र भीती. त्याला खरंच वाटत होतं की आता काहीतरी तुटेल.

दुपारी कमलबाई भाकरी घेऊन आली. सत्यभामाबाई तिच्याजवळ येऊन बसली.

"अक्का, निम्मं रान झालं आमचं. आता पाणी तुमच्याकडं फिरवा. त्यांना सांगा की."

कमलबाईनं हाक मारली. "अवं! आता रविवार मोडलाच की. चार वाफे आपले बी भिजवा!"

पलीकडून श्रीमंतचा आवाज आला. "न्हाई."

"कामून न्हाई?"

"आपल्यासाठी न्हाई, कमळे. आज न्हाई."

असल्या माणसाचा मला रागही येतो आणि डोळ्यांत पाणीही येतं. कमलबाईचं त्या क्षणी अगदी तसंच झालं. तिनं आपल्या रानाकडं बघितलं. निम्म्या ताटांची खालची पानं पिवळी पडली होती. तिनं भाकरी फडक्यात बांधून बांधावर ठेवली, लुगडं खोचलं आणि दुसऱ्या टोकाला दारं धरायला उतरली. थोड्या वेळानं ज्योत्स्नाही आली. ती कुणाशी बोलली नाही, पण तिनं खोरं उचललं.

दिवस कलला तेव्हा विहिरीनं तळ दाखवला. राघोबाचं सगळं रान भिजलं होतं. सत्यभामाबाई हात धुऊन श्रीमंतसमोर आली.

"अण्णा, बुधवार तुमचा. त्यांना काय सांगायचं ते मी सांगते. न्हाई ऐकलं तर पडलेल्या माणसाला चार जास्तच सांगते."

श्रीमंत हसला. बुधवारी पाणी मिळालं तर विहिरीकडच्या अंगाचं निम्मं पीक हाताशी येईल, बाकीचं गेलं, हे तिघांनाही माहीत होतं.

ज्योत्स्ना धारा काढायला पुढं गेली. नवरा-बायको मागून निघाली. रानातून गावात यायला दोन वाटा आहेत. एक सरळ, ती सिंदीच्या झोपडीवरून येते, आणि रविवारी संध्याकाळी तिथं गर्दी असते. दुसरी ओढ्याकडून, बरीच लांब. दारू सुटल्यापासून श्रीमंत ओढ्याच्या वाटेनं यायचा. पावसात ओढ्याला पाणी असलं तरी त्याच वाटेनं, कमरेएवढ्या पाण्यातून. आज फाट्यावर तो थांबला नाही. फूटवाल्वबद्दल बोलत होता, नवीनच बसवावा लागेल, राघूअण्णा येईपर्यंत आपण बसवून टाकू, आळंदला मिळतो. बोलता बोलता सरळ वाटेला लागला.

कमलबाईनं ओढ्याच्या वाटेवर टाकलेलं पाऊल मागं घेतलं आणि त्याच्यामागं चालत राहिली. झोपडी आली. मडकी मांडलेली, आंबट वास, ओळखीचा एकजण हाक मारून हात करतोय. श्रीमंतनंही चालता चालता हात केला आणि म्हणाला, "वायसर बी घ्यावं लागंल, जुनं कुजलंय." झोपडी मागं पडली. कमलबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडायली की हसायली, तिचं तिलाही कळेना.

घरी पोचल्यावर तो पायांवर पाणी ओतून चिखल काढायला बसला. एक पाय धुतला आणि दुसरा तसाच ठेवून एकाएकी थांबला. पाठीमागच्या वाटेकडं बघितलं. मग बायकोकडं.

"कमळे, आपण कंच्या वाटंनं आलाव?"

"सरळ."

तांब्या त्याच्या हातात तसाच राहिला. कमलबाई उंबऱ्यात उभी होती.

"मला दिसलंच न्हाई," तो म्हणाला.

"मला दिसलं."

श्रीमंतनं दुसरा पाय धुतला, सावकाश, अंगठ्याच्या बेचक्यातला चिखलसुद्धा काढला. मग उठून आत आला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"वाढ," तो म्हणाला. "लई भूक लागलीया."